पारोशा तोंडाची गोळी

...नाई वं, ते नको लिवू. ते कापसाचं राहू दे आता, कापूस काई पळून नाई जात. पेन नीट धर अन् रुखमाबाईचं लिव्ह. तुई मोठी आजी वं, माई जाऊ. तू तिले पाह्यलं ते म्हातारपनी, ओसरीवर बसेल, येनाऱ्या-जानाऱ्याले हाका मारताना. मी सांगतो ते तवाचं, जवा तिच्या नरड्यातून आवाज नाई निंगे. मी त्या घरात आली नव्हती अजून. पन जात्यावर, निंदनात, पापड लाटताना तिनं मले हे इतक्या बार सांगतलं का मले वाटते मीच तिच्या खाटेपाशी उभी होती.

लिव्हलं? मंग लिव्ह पुढं.

रुखमाचं माहेर मलकापूरचं. घर रेल्वेच्या लाइनीपाशी. बाप मोतीराम जिनात कापसाच्या गाठी उचले. दिवसरात मालगाड्या धडधड करत जायच्या, त्याच्यावरून बोलाव लागे, म्हनून घरातले सारे मोठ्यानं बोलत. लगन होऊन पोरगी इकडं आली, जळगाव जामोदच्या वर, पहाडाच्या आंगाले, जिथं कुत्रं भुकलं तरी लोक पाहाले उठत. हिचं बोलनं तीन घरं ऐकू जाये. हसली का वासरू दावं तोडे. सासू म्हने, "हळू बोल वं बाई, इथं काई इंजन नाई चाललं." तर ही अजून हसे.

सासू म्हनजे झुंबरबाई. माईही सासू तीच, पन मंगची. उंच, काळी, आंगानं वाळेल, अन् डोळा असा का तिनं पाह्यलं तं दूध उतू जानं थांबावं. नवरा लौकर गेला. एक पोरगा मोठा, निवृत्ती, अन् एक पाठचा, ते तुये आजोबा, तवा शाळंत जात होते. झुंबरबाईचे पह्यले दोन लेकरं हाती नाई लागले होते. एक पोटातच गेलं, एक सटवीच्या आधी. मंग कोन्या बैराग्यानं सांगतलं का तुया घरच्या बाया पारोशा तोंडानं खातात, म्हनून घरात लेकरू टिकत नाई. तवापासून झुंबरबाईनं नेम धरला. घरातल्या बाईनं झोपीतून उठाव, सारवन-झाडनं कराव, आंघोळ कराव, तुळशीले पानी घालाव, देवापाशी दिवा लावाव, अन् मंगच तोंडात काही घालाव. पान्याचा घोट नाई, साखरेचा दाना नाई. नेम धरला अन् निवृत्ती झाला अन् जगला. आता सांग, तो नेम तिच्यासाठी काय असंल? तिच्यासाठी तो नेम म्हनजे निवृत्तीचा जीवच होता.

रुखमाले काय माहीत हे सारं. पह्यल्यांदा दिवस गेले तवा एक दिवस तिले पहाटीच भूक लागली. वावरात जाताना तिनं शिक्यातून गुळाचा खडा काढला अन् गालात धरला. झुंबरबाई दारातच उभी. पाह्यलं, अन् बाजूले सरून वाट देल्ली. अन् त्याच पंधरवड्यात पोट पडलं. रुखमा रक्तानं भिजेल चिंधी घेऊन न्हानीत बसेल, अन् सासू आली, पान्याची घागर ठेवली, अन् एकच बोलली.

"गूळ गोड लागला ना?"

बस्स. मंग कधी काढलं नाई तिनं ते. पन रुखमानं त्या दिवसापासून सकाळी तोंड असं मिटलं जसं कोनी दोऱ्यानं शिवलं. अन् हसनंही कमी झालं. वासरू दाव्याशी निवांत राहू लागलं.

दोन वर्सं गेले. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्सं झाले होते, चीनची लढाई व्हाची होती. आखाडाच्या शेवटी रुखमाले पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, अन् अशी ओकारी सुरू झाली का ईचारू नको. बाया ओकतात वं, मी पन ओकली, तुई मायही ओकली. पन हे तसं नाई. हिले लसनाच्या फोडनीनं होये, घासलेटाच्या वासानं होये, ढोराची सरकी शिजली का होये. निवृत्ती वावरातून आला अन् त्याच्या सदऱ्याचा घामाचा वास आला का ही तोंड दाबून मागच्या दारानं पळे. तो बिचारा वेशीवरच्या हिरीवर आंघोळ करून घरात येऊ लागला. कौशल्याबाई शेजारची म्हने, "निवृत्ती, बायकोपायी बामन झाला रे तू!" तो हसे, पन तोंड पडेल.

काय काय नाई केलं. लिंबू चोखलं, आवळकाठी देल्ली, सुंठ उगाळली, देवाचा अंगारा लावला. चुलीची भाजकी माती पान्यात इझवून त्याचा वास देल्ला. अन् हे सारं आंघोळीनंतर बरं का. आंघोळीपर्यंत रुखमा भिंत धरून चाले. मंग भिंतही पुरेना.

शेवटी निवृत्तीनं एका बाजाराच्या दिवशी तिले गाडीत घातलं अन् जळगावले नेलं. तिथं एक डाक्टर होता, पुन्याकडचा, चश्म्याचा, तरनाताठा. त्यानं तपासलं अन् कागदाच्या पुडीत पिवळ्या गोळ्या देल्ल्या. अन् पक्कं बजावलं.

"सकाळी डोळे उघडले की पहिली ही गोळी. अंथरुणातच. एका घोटाबरोबर. उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. अर्धा-पाऊण तास तसंच पडून राहायचं, मग चार फुटाणे चावायचे, मग उठायचं. एकदा का उभं राहून मळमळ सुरू झाली की गोळी पोटात ठरणार नाही. कळलं?"

"हाव," रुखमा बोलली.

कळलं होतं तिले. अंथरुनातच म्हनजे आंघोळीच्या आधी, पारोशा तोंडानं.

गाडीत निवृत्ती हळूच म्हने, "अंथरुनातच घेत जाय. मायले कायले सांगाव लागते? मी पानी ठेवीन उशाशी."

रुखमानं पुडी पदराच्या टोकाले बांधली. बैलाच्या घंट्या वाजत. मंग बोलली, "तुमाले लेकरू पायजे का नाई?"

"पायजे ना."

"मंग मले असं नका शिकवू."

निवृत्तीनं पुढं तोंड केलं अन् बैलाले उगाच हाकललं.

आता पाय, पोरी, घोळ कसा झाला. औषीद चांगलं, डाक्टर चांगला, नवरा चांगला. सासूही काई हाडवैरीन नाई, तिनं कधी गोळ्याले हात लावला नाई. अन् रोज सकाळी गोळी वाया जाये. कारन रुखमा उठे, तोंड मिटून. झाडनं घेई. न्हानीच्या चुलीवर पानी तापवाले बसे, त्याचा धूर नाकात गेला का पह्यली ओकारी. आंघोळ करे, दुसरी. तुळशीले पानी घाले, दिवा लावे, त्या दिव्याच्या तेलाचा वास. अन् मंग भिंतीतल्या देवळीतून पुडी काढे, गोळी जिभेवर ठेवे, पानी घेये. गोळी खाली जायच्या आधी पोट वर येये. मागच्या दारी सांडपान्याच्या नालीपाशी ती बसे अन् पाहे, पिवळी गोळी अर्धी विरघळेल, पान्यात पडेल. एक दिवस तिनं ती गोळी उचलली, धुतली, अन् पुन्हा तोंडात घातली. ते मले सांगताना रुखमाबाई हसे. मले काई हसू नाई आलं कधी.

झुंबरबाई हे पाहे. ओसरीवरून पाहे अन् सुपातले दाने पाखडत राहे.

अशातच कौशल्याबाई धावत आली. पारावर कोनीतरी पेपर वाचून दाखवला होता. इलायतीकडं का कुठंशी, गरवार बायाइले ओकारीच्या गोळ्या देल्ल्या, अन् त्याईचे लेकरं बिना हाताचे झाले. बिना पायाचे झाले.

"खांद्यालेच पंजा!" कौशल्याबाई डोळे मोठे करून सांगे. "मासोळीच्या परासारखा! छापून आलं बाप्पा, खोटं कसं असंल?"

झुंबरबाईचं सूप थांबलं. तिनं देवळीकडं पाह्यलं, जिथं पुडी होती. मंग रुखमाकडं पाह्यलं. रुखमा खांबाले टेकून बसेल, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकेल. तिनं आपला हात पोटावर ठेवला, जसं आतले हात चाचपून पाहाचे होते.

"टाकून देऊ काय त्या?" झुंबरबाईनं इचारलं.

रुखमा देवळीकडं पाहत राह्यली. घेतली गोळी तं हात जातीन. नाई घेतली तं लेकरूच जाईन. आंघोळीच्या आधी घेतली तं नेम मोडंल, अन् नेम मोडला का काय होते ते तिनं एकदा पाह्यलं होतं. पोरी, ती कोन्या कोपऱ्यात जाईन? चारी भिंती तिच्याकडंच सरकून राह्यल्या होत्या.

निवृत्ती तिच्यासाठी भांडला. "डाक्टर काय कसाई आहे काय? त्याले समजत नसंल?" म्हने. रुखमानं गोळी घेनं सोडलं नाई. तशीच, आंघोळ करून, दिवा लावून. अन् गोळी नालीत.

मंग ती सकाळ आली. झाडनं झालं, पानी तापलं, अन् न्हानीत जाऊन तिनं पह्यला तांब्या आंगावर घेतला, का डोळ्यापुढं सारं पांढरं झालं. झुंबरबाईले तांब्या पडल्याचा आवाज आला. तिनं हाक मारली, "रुखमे." जवाब नाई. न्हानीत जाऊन पाहे तं पोरगी दगडावर आडवी, ओली, ओठ फाटेल, डोळे खोल गेलेले. अन् झुंबरबाईची नजर खाली गेली. दगडावरून जी लघवी वाहून राह्यली होती ते मोहाच्या काढ्यासारखी होती, काळपट. असा रंग झुंबरबाईनं एकदाच पाह्यला होता. तिची धाकटी बहीन गेली तवा.

"निवृत्ती!" ती अशी ओरडली का शेजारपाजारचे लोक आले. "गाडी जुंप! आत्ता जुंप!"

या बारीनं झुंबरबाई सोबत गेली. गाडीत कडबा टाकला, त्याच्यावर गोधडी, त्याच्यावर रुखमा. डोस्कं सासूच्या मांडीवर. भादव्याचं ऊन, रस्त्यात खाचखळगे. दर खाचेले रुखमाचं आंग आखडे अन् काई नाई निंगे, निरी हिरवी कडू धार. झुंबरबाई आपल्या पदरानं पुसे. निवृत्ती बैलाच्या पाठीवर थाप मारे, अन् मंग बैलालेच म्हने, "चल राजा, चल माया बाप."

डाक्टरनं पाह्यल्या पाह्यल्या तिच्या हाताची चामडी चिमटीत धरली. सोडली तं चामडी तशीच उभी राह्यली. त्यानं लगेच काचेची बाटली उलटी टांगली अन् सुई हातात घातली. निवृत्ती बाहीर बैल सोडत होता. आत तिघंच. रुखमा खाटेवर, झुंबरबाई खाटेच्या पायाशी खाली, अन् डाक्टर.

डाक्टरनं इचारलं, "गोळ्या घेता का?"

"हाव."

"सकाळी कधी?"

रुखमानं सासूकडं पाह्यलं. नुसतं एकदा. सासूच्या समोर घरचा नेम परक्या मानसापाशी कसा काढाव? घराची इज्जत चव्हाट्यावर कशी मांडाव?

"उठल्या उठल्या, साहेब."

"अंथरुणातच? उठायच्या आधी?"

"हाव."

"रोज?"

"रोज."

डाक्टरनं चश्मा काढला, डोळे पुसले. त्याच्या तोंडावरचं सारं उतरलं. तो बाहीर वऱ्हांड्यात गेला अन् झुंबरबाईले बोलावलं. दार अर्धं उघडं. रुखमाले सारं ऐकू येई.

"आजी, सरळ सांगतो. बाटलीनं आज-उद्या भागेल. पण हिच्या पोटात अन्न ठरत नाही, पाणी ठरत नाही. माझी भिस्त त्या गोळीवर होती. आता इतकी नीट घेऊनसुद्धा गोळीचा उपयोग होत नसेल, तर माझ्या हातात दुसरं काही उरत नाही. परवापर्यंत वाट बघीन. मग हिला बुलढाण्याला पाठवीन. तिथं तिचा जीव वाचवायला पोट रिकामं करतील."

"रिकामं म्हनजे?"

"मूल जाईल, आजी. नाही केलं तर दोघं जातील."

रुखमा आत पडेल होती. बाटलीतून थेंब पडे, थेंब पडे. तिनं ऐकलं अन् तिच्या डोळ्यात पानीही नाई आलं, आंगात पानीच नव्हतं. तिले एकच वाटे, का आता खोटं बोलली ते खरं करून दाखवता आलं असतं तं. पन कसं सांगाव? अन् सांगतलं तरी करंल कोन? घरून आनेल ते पुडी तं तिच्या उशाशीच होती, अन् तिचा हात तिच्याकडं जात नव्हता.

अर्ध्या उघड्या दारातून तिले सासू दिसे. झुंबरबाई वऱ्हांड्यात उकिडवी बसेल. तिले माहीत होतं. साऱ्या जगात तिलेच माहीत होतं का गोळी कवा घेतली जाये अन् कुठं पडे. ती आपल्या हाताच्या नखाले पाहे. डाक्टर दुसऱ्या पेशंटाकडं वळला. दोन पावलं गेला.

रुखमा मले म्हने, "बाई, ती उठली नसती तं मी तिले दोष देल्ला नसता. तिचे दोन गेले होते. तिनं तो नेम कशासाठी धरला ते मले त्या खाटेवर कळलं."

पन झुंबरबाई उठली.

"डाक्टरसाहेब."

डाक्टर थांबला.

"ते खोटं बोलली."

"कोण?"

"माई सून. गोळी ते आंघोळ करून घेते. झाडनं, आंघोळ, तुळस, दिवा, मंग. तवरक आतडे गळ्यात आलेले राह्यतात. गोळी नालीत जाते. मी रोज पाह्यतो." तिनं पदर डोक्यावर ओढला. "माया नेम आहे घरात. पारोशा तोंडात काही घालाचं नाई असा. माया भेवानं खोटं बोलली ते."

डाक्टर तरातरा आत आला. "का खोटं बोललात? जीव जात होता तुमचा!"

रुखमाचे ओठ हालले. "गूळ खाल्ला होता साहेब, मागच्या बारीनं. पारोशीनं. म्हनून पोट पडलं."

डाक्टरले काई समजेना. गूळ कोनता, पोट कोनतं? झुंबरबाईनंच सांगतलं मंग, दाराले धरून, खाली पाहून. डाक्टर ऐकता ऐकता खाटेच्या कडेवर बसला. मंग हळू बोलला, "गुळानं पोट पडत नाही, आजी. आंघोळ न करता खाल्ल्यानंही पडत नाही. कधीकधी पडतं, अन् का पडलं ते आम्हालाही कळत नाही."

झुंबरबाई दार सोडून खाटेपाशी आली.

मंग झुंबरबाई म्हने, "अजून एक सांगा. पेपरात आलं होतं. बिना हाताचे लेकरं. हे तीच गोळी आहे काय?"

"नाही. ती वेगळी. मीसुद्धा ते वाचलं तेव्हा आधी माझं कपाट उघडून बघितलं." डाक्टरनं पुडी हातात घेतली. "ही मी बऱ्याच बायांना दिली आहे, त्यांची मुलं धडधाकट आहेत. मला ठाऊक आहे तेवढं सांगितलं. त्याहून जास्त वचन देत नाही."

झुंबरबाईनं त्याच्याकडं मान वर करून पाह्यलं. बैराग्यानं तिले पक्कं वचन देल्लं होतं, याच्यापेक्षा मोठं. हे पोरगं देत नव्हतं. काय माहीत काऊन, पन तिले यानंच धीर आला.

"परवापर्यंत ना?" तिनं इचारलं.

"परवापर्यंत."

दुसऱ्या दिवशी झुंजुरकाच रुखमाचा डोळा उघडला. दवाखान्याच्या खिडकीतून राखेसारखा उजेड. खाली सासूची गोधडी पडेल, अन् सासू नाई. गेली काय? नेम मोडनं पाहाले नको म्हनून उठून गेली काय? निवृत्ती बाहीर गाडीखाली झोपेल. उशाशी पुडी, अन् पितळी तांब्या. रुखमानं हात नेला. बोटं पुडीले लागले अन् तिथंच थांबले. तिच्या कानात एकच, गूळ गोड लागला ना, गूळ गोड लागला ना. अन् पोटात ते सुरू झालं, तळातून, हळूहळू वर येनं. अजून थोडं, अन् आजची गोळीही जाईन. उद्या डाक्टरनं सांगेल तो परवा आहे.

दार वाजलं. झुंबरबाई आत आली. सारं लुगडं ओलं, आंगाले चिकटेल, केसातून पानी गळून राह्यलं, थंडीनं दात वाजून राह्यले. भादव्यातही पहाटीचं हिरीचं पानी कसं राह्यते तुले काय माहीत, नळावाल्याइले!

"तोंड उघड," ती बोलली.

"आत्याबाई, मी पारोशी..."

"तुई आंघोळ मी करून आली. माया नावाचे पाच तांबे घेतले, तुया नावाचे पाच. कंपाउंडरच्या आंगनात तुळस आहे, तिले दोघीचं पानी घातलं. त्याची बायको चोर समजून काठी घेऊन आली होती, तिच्यापासून दिवाही लावून घेतला." तिनं पुडी उघडली. "बाईनं आंघोळ करून मंग घराच्या तोंडात घास जाव, एवढाच नेम आहे. कोन्या बाईनं, ते काई बैराग्यानं सांगतलं नाई. अन् त्यानं सांगतलं असंल तं त्याचं मी पाहून घेईन. उघड तोंड."

रुखमानं तोंड उघडलं. सासूचे बोटं बर्फासारखे. गोळी जिभेवर ठेवली, तांब्या ओठाले लावला. एक घोट. गेली खाली.

"आता हालाचं नाई."

मंग त्या दोघी वाट पाहत राह्यल्या. रुखमा उतानी, छताकडं पाहत. झुंबरबाई ओल्या लुगड्यात, मांडीवर घमेलं धरून. कोनी बोले नाई, बोललं तं हालंल म्हनून. पोटातून एक लाट वर आली. रुखमानं मुठी आवळल्या. लाट गळ्यापर्यंत आली. झुंबरबाईनं घमेलं पुढं केलं, अन् दुसऱ्या हातानं तिचं कपाळ दाबून धरलं, जसं दाबल्यानं आतलं आत राहीन. "थांब माय," ती कोनाले म्हने काय माहीत, सुनेले का लेकराले का गोळीले, "थांब, थांब."

लाट थांबली. मंग खाली गेली.

उजेड खिडकीतून भिंतीवर आला, भिंतीवरून खाटेवर आला. घमेलं कोरडं. झुंबरबाईनं ओच्यातून चार फुटाने काढले, ओलेच झालेले. एक-एक तिच्या तोंडात घातला. रुखमानं चावला. इतक्या दिवसांनंतर तिच्या दातात काहीतरी कुरकुरलं. अन् तिले रडू आलं, अन् आता डोळ्यात पानीही आलं, बाटलीचं का काय ते.

"रडू नको वं, पानी वाया जाते," सासू म्हने.

तिथं रुखमा हसली. मोठ्यानं नाई, पन हसली. बाहीर गाडीखालून निवृत्ती धडपडत उठला.

लगेच सारं चांगलं झालं असं नको लिवू, तसं नाई झालं. दुपारी झाली ओकारी. दुसऱ्या दिवशीही झाली. पन सकाळची गोळी ठरली, अन् मंग ताक ठरलं, मंग भाताची पेज. परवाच्या दिवशी डाक्टर आला, लघवीचा रंग इचारला, जीभ पाह्यली, अन् बुलढान्याचं नाव काढलं नाई. झुंबरबाईनंही नाई काढलं. नुसती त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली, तो दुसऱ्या पेशंटाकडं जाईपर्यंत.

घरी आल्यावरही तेच. पोट दिसाले लागून ओकारी पार बंद होईपर्यंत, कुडकुडत्या थंडीत, झुंबरबाई झुंजुरका उठे, दोघीची आंघोळ एकटी करे, अन् गोळी घेऊन अंथरुनापाशी येये. कौशल्याबाईनं एकदा टोमना मारला, "सुनेची आंघोळ सासू करते, मंग जेवनही सासूच करते काय?" झुंबरबाई म्हने, "जेवन तिचं ती करते. तेच तं पाहिजे होतं."

फागुनात पोरगी झाली. सुईनीनं नाळ कापली अन् पोरगी हातात देल्ली, तं झुंबरबाईनं तोंड नाई पाह्यलं, पोरगा का पोरगी तेही नाई पाह्यलं. तिनं दिव्यापाशी नेऊन आधी हात पाह्यले. एक-एक बोट उलगडून मोजलं. मंग पायाचे मोजले. मंग पुन्हा हाताचे. रुखमा खाटेवरून ओरडली, मलकापूरच्या आवाजात, "आत्याबाई, भरलं का माप?" अन् तिकडं गोठ्यात वासरानं उडी घेतली.

ते पोरगी म्हनजे तुई गीताआत्या वं. तिच्या त्या बोटानं तिनं तुये किती गाल ओढले!

मी लगन होऊन आली तवा झुंबरबाई म्हातारी झाली होती. मले दिवस गेले, अन् पह्यल्याच सकाळी डोळा उघडला तं खाटेपाशी कोनीतरी उभं, ओलं, पान्याचे थेंब माया हातावर. मले वाटे सासू आली. पाह्यलं तं रुखमाबाई. सासूनं आता नाई होत म्हनून तिले लावलं होतं. तिनं मंग आपल्या सुनेचंही तसंच केलं, जोवर आंगात जोर होता.

आता लिव्हनं होत आलं, हात दुखला काय तुया? एवढं एक लिव्ह अन् मंग चहा टाक.

जे कोनी हे वाचत असंल, त्याले म्हनाव, तुमच्या घरात, नाईतर शेजारी, कोनी पोरगी ओकून ओकून हैरान असंल, तं आधी तिले डाक्टरकडं न्या. अन् डाक्टरनं जे अंथरुनात घ्या म्हनून सांगतलं ते ती अंथरुनातच घेते काय, हे तिले नका इचारू, ती हावच म्हनंल. तिच्या सासूपाशी जा, अन् तिले माया एवढा निरोप द्या: झुंबरबाईनं सांगतलं म्हना, का बाई, तुले आंघोळीचा नेम पाळाचा असंल तं तू पाळ, पाच तांबे तिच्या नावाचे जास्त घे, अन् तिले अंथरुनात पडू दे.